क्लाउड सर्व्हर कुणाकडून घ्यावा? कोकणातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी पायरीपायरीने

आंब्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकणारा बागायतदार असो, तारकर्लीतला होमस्टेवाला असो की वेंगुर्ल्याचा काजूवाला, सर्व्हरचा, म्हणजे साइट चोवीस तास चालवणाऱ्या भाड्याच्या कॉम्प्युटरचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यात स्वस्त कोण देतो?" हा प्रश्न विचारायलाच हवा, पण सगळ्यात शेवटी. लहान सर्व्हरच्या भाड्यात दोन चांगल्या पुरवठादारांमध्ये महिन्याला काही शे रुपयांचा फरक पडतो. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात साइट दोन तास बंद पडली, तर वर्षभर वाचवलेले पैसे त्या दोन तासांत जातात.

म्हणून पुरवठादार दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवून निवडावा: वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस आणि सर्वांत वाईट दिवस. गर्दीचा दिवस आपल्याकडे साधारण ठाऊक असतो. आंबेवाल्यांचा तो एप्रिलात येतो, होमस्टेवाल्यांचा नाताळात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. वाईट दिवस सांगून येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या अनेक गावांत कित्येक दिवस ना लाईट होती ना रेंज. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरचे कॉम्प्युटर हिशेबासकट पाण्याखाली गेले. खालच्या प्रत्येक पायरीवर हेच विचारायचे, की त्या दोन दिवशी या पुरवठादाराकडे माझे काय होईल?

आधी बघा, सर्व्हर लागतो तरी का

पाच खोल्यांच्या होमस्टेला फोटो, दर, नकाशा आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बटण एवढेच दाखवायचे असेल तर सर्व्हर घेऊच नका. अशी साधी स्थिर पाने क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या सेवेवर फुकट चालतात आणि गर्दीतही टिकतात. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर तुमची साइट असेल आणि महिन्याला शे-दोनशे माणसे येत असतील तर चांगले शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर ठेवणारी सेवा, पुरते. स्वतःचा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, लागतो तो ऑनलाइन पैसे घेणारे दुकान, खोल्यांचे थेट बुकिंग, स्वतःसाठी लिहून घेतलेले सॉफ्टवेअर, किंवा एकाच जागी पाच-सहा गिऱ्हाइकांच्या साइट सांभाळायच्या असतील तेव्हा. शेअर्ड होस्टिंगवर शेजाऱ्याच्या साइटवर गर्दी झाली की तुमची मंदावते, आणि तुमच्या साइटवर गर्दी झाली की कंपनीच ती थांबवते. सीझनमध्ये हा दुसरा प्रकार फार महागात पडतो.

रात्री अकराला कोण बसणार?

तंत्राच्या आधी माणूस ठरवा. साधा व्हीपीएस म्हणजे रिकामे मशीन. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवून मिळते. पुढचे अपडेट, फायरवॉल, डेटाबेस, एसएसएल (साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र) आणि बॅकअप हे सगळे तुमच्यावर. सर्व्हर चालू आहे पण साइट बंद आहे, अशी तक्रार केलीत तर पुरवठादार शांतपणे सांगेल की आमचे मशीन ठीक आहे. यात तो खोटेही बोलत नसतो.

घरात किंवा ओळखीत लिनक्सवर हात बसलेला माणूस नसेल, तर मॅनेज्ड सेवा घ्या. मॅनेज्ड वर्डप्रेस घेता येते, किंवा क्लाउडवेजसारखी सेवा, जी दुसऱ्या कंपन्यांच्या क्लाउडवर तुमचा सर्व्हर उभा करून सांभाळते. भाडे दुप्पट वाटेल. पण पावसाळ्यात दर महिन्याला कुणाला तरी गाठून दोन-तीन हजार मोजण्यापेक्षा ते स्वस्तच पडते. मात्र "मॅनेज्ड" या शब्दात काय काय येते ते लेखी विचारून घ्या. कुणी फक्त ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट करतो, कुणी हॅक झालेली साइट साफही करून देतो.

तिसरा मार्ग कंट्रोल पॅनेलचा, म्हणजे कमांडऐवजी बटणांनी सर्व्हर सांभाळण्याचा. सीपॅनेल ओळखीचे आहे, पण त्याचा परवाना लहान सर्व्हरच्या भाड्यापेक्षा महाग पडू शकतो. हेस्टिया किंवा क्लाउडपॅनेल ही फुकट पॅनेल एक-दोन साइटना पुरेशी आहेत. पॅनेल घेतले म्हणून सांभाळणारा माणूस लागत नाही, असे मात्र समजू नका.

सर्व्हर कुठल्या शहरात असावा

मुंबई. बहुतेकांसाठी उत्तर एवढेच आहे. तुमचे गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूरचे. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गातून निघालेले इंटरनेट बहुतेक वेळा मुंबई किंवा पुण्यावरूनच पुढे जाते, त्यामुळे बंगळुरूचा सर्व्हर नकाशावर सावंतवाडीच्या जवळ वाटला तरी डेटा वळसा घालून जातो. तरीही बंगळुरू चालेल, सिंगापूरही चालून जाईल. युरोपात ठेवाल तर प्रत्येक विनंतीला जाऊन-येऊन शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात, आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. देवगडात एका काडीच्या रेंजवर साइट उघडणाऱ्याला तो फरक जाणवतो.

कुणाचे काय कुठे आहे ते एकदा पाहून ठेवा. अ‍ॅमेझॉनचे एडब्ल्यूएस २०१६ पासून मुंबईत आहे आणि २०२२ पासून हैदराबादेतही. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युअरचे मध्य भारत केंद्र पुण्यात आहे. गूगल क्लाउड मुंबई आणि दिल्लीत, डिजिटलओशन बंगळुरूत, लिनोड (२०२२ पासून अकामाईच्या मालकीचे) मुंबई आणि चेन्नईत. व्हल्टर मुंबई, दिल्ली, बंगळुरू असे तिन्हीकडे. ओव्हीएचक्लाउडनेही मुंबईत केंद्र उघडले आहे. ई२ई नेटवर्क्स ही भारतीय कंपनी. दरांसाठी ज्याचे नाव सगळे घेतात त्या जर्मनीच्या हेट्झनरचे भारतात केंद्र नाही. सर्वांत जवळचे सिंगापूरचे.

मुंबईतली बरीच डेटा सेंटर प्रत्यक्षात ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहेत. म्हणजे ज्याला आपण आभाळातला क्लाउड समजतो तो ठाणे खाडीच्या काठी, कोकणपट्टीतच बसलेला असतो. जनरेटर आणि वातानुकूलनासह तो तुमच्या ऑफिसपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, तरी बॅकअप मात्र दुसऱ्या शहरात हवा. त्याकडे पुढे येऊ.

वेग मोजायला जाहिरात वाचू नका. बरेच पुरवठादार प्रत्येक शहरासाठी चाचणीचा पत्ता देतात. स्वतःच्या वायफायवरून, मग मोबाइल डेटावरून, आणि मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवरून पिंग घ्या, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा. शक्यतो रात्री नऊ-दहाच्या सुमारास, कारण लोक पेट्यांची ऑर्डर जेवणानंतर देतात.

किती मोठा सर्व्हर

एका साध्या वर्डप्रेस साइटला १ जीबी रॅम पुरते, फक्त थोडी स्वॅप जागा (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा. वूकॉमर्सचे, म्हणजे वर्डप्रेसवरचे, दुकान असेल तर २ जीबीपासून सुरुवात करा; सीझनला ४ जीबी. डिस्क एसएसडी किंवा एनव्हीएमईच हवी. फोटो जास्त असले तरी २५ ते ५० जीबी भरता भरत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत जाहिरातीतला "२ व्हीसीपीयू" (व्हर्च्युअल प्रोसेसर) हा आकडा फारसे काही सांगत नाही. बहुतेक लहान प्लॅनमध्ये प्रोसेसर इतरांशी वाटून मिळतो. एडब्ल्यूएसच्या टी३ मायक्रोसारख्या मशीनला तर प्रत्येक व्हीसीपीयूच्या फक्त १० टक्के ताकद कायमची मिळते. त्याच्या वर वापर गेला की साठवलेले क्रेडिट खर्च होते, आणि ते संपल्यावर मूळ सेटिंगनुसार जादा पैसे लागतात. ११ महिने शांत असणाऱ्या साइटला हे परवडते. एप्रिलात दिवसभर गर्दी राहणार असेल तर त्या महिन्यापुरता समर्पित प्रोसेसरचा प्लॅन घ्या.

आपल्याकडचा धंदाच सीझनचा, त्यामुळे सर्व्हर वाढवून पुन्हा लहान करता येतो का, हे मी फार वरच्या क्रमांकावर ठेवतो. तासावर आकारणी करणाऱ्या पुरवठादाराकडे फेब्रुवारीअखेर मशीन मोठे करायचे आणि जूनमध्ये आंबा संपला की पुन्हा लहान. यात एक खोच आहे. नुसते प्रोसेसर आणि रॅम वाढवले तर बऱ्याच ठिकाणी परत येता येते, पण काही पुरवठादार मशीन लहान करूच देत नाहीत, ते आधी विचारून घ्या. डिस्क वाढवली तर बहुतेक ठिकाणी ती पुन्हा लहान होत नाही, मग मशीनही वरच्याच प्लॅनवर अडकते. म्हणून वाढवताना "फक्त प्रोसेसर आणि रॅम" हा पर्याय असेल तर तोच निवडा. या कामात सर्व्हर काही मिनिटे बंद राहतो, ते पहाटे उरका. तीन वर्षांचे भाडे एकदम भरून सवलत देणाऱ्या योजनेत ही लवचीकता जाते.

बिल वाचायला शिका

लोक इथेच फसतात, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

पहिली गोष्ट बाहेर जाणाऱ्या डेटाची. डिजिटलओशन, लिनोड, व्हल्टर यांच्या लहान प्लॅनमध्येही महिन्याला ठरावीक डेटा आलेला असतो, तो साधारण अर्धा ते एक-दोन टीबी. एडब्ल्यूएससारख्या मोठ्या क्लाउडमध्ये पहिले १०० जीबी फुकट आणि पुढे प्रत्येक जीबीला पैसे. मुंबईतून बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर जीबीमागे सुमारे ११ सेंट. ऐकायला किरकोळ वाटतो. आता हिशेब करा. होमस्टेच्या पहिल्याच पानावर ड्रोनने काढलेला समुद्राचा ४० एमबीचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि सुट्टीत रोज हजार माणसे साइट उघडतात. रोजचे ४० जीबी, महिन्याचे १,२०० जीबी. फुकटचे १०० वजा केले तरी १२० डॉलर, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर, आणि हा फक्त व्हिडिओचा खर्च. तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकून साइटवर जोडला तर तुमच्या सर्व्हरवरून एक जीबीही जात नाही. ड्रोनचा व्हिडिओ पाहून खोली बुक होते असे मला अजून वाटत नाही. पण होमस्टेवाल्यांशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

एडब्ल्यूएसचेच लाइटसेल निश्चित दराने मिळते आणि छोट्यांना तेच बरे. फक्त मुंबईत त्यासोबत मिळणारा डेटा इतर अनेक केंद्रांच्या तुलनेत निम्मा आहे, ते दरपत्रकाच्या तळटिपेत वाचा.

दुसरी गोष्ट सुट्या आकारांची. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) तासाला अर्धा सेंट लावते, महिन्याला साधारण साडेतीन डॉलर. स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत), जादा डिस्क, स्वयंचलित बॅकअप यांचे पैसे वेगळे. दोन पुरवठादारांची तुलना करताना सर्व्हर, पत्ता, बॅकअप, तुमच्या अंदाजाचा डेटा आणि १८ टक्के जीएसटी ही सगळी बेरीज कागदावर करा. भाड्याच्या एका आकड्यावरून केलेली तुलना फुकट जाते.

तिसरी गोष्ट नूतनीकरणाच्या दराची. "महिना ९९ रुपये" हा दर चार वर्षांचे पैसे आगाऊ भरल्यावर असतो आणि पुढच्या वेळी तो दुप्पट-तिप्पट होतो. तासाची आकारणी करणाऱ्यांकडे ही भानगड नाही.

आणि फुकट. ओरॅकलची कायम फुकट सेवा खरोखर उदार आहे, पण ती खाते उघडताना निवडलेल्या केंद्रातच मिळते, ते केंद्र नंतर बदलता येत नाही, आणि रिकामे पडून राहिलेले फुकट मशीन कंपनी काढून घेऊ शकते. शिकायला उत्तम आहे. त्यावर दुकान मांडू नका.

खाते उघडल्या दिवशीच बिलाची मर्यादा-सूचना लावा. अपेक्षित बिलाच्या दीडपट रकमेवर ईमेल आला पाहिजे. लक्षात ठेवा, ती फक्त सूचना असते. त्या रकमेला सर्व्हर आपोआप थांबत नाही.

पैसे भरायचे कसे

परदेशी कंपनीला कार्डाने पैसे देताना आपल्याकडे एक खास अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे नोंदणी न झालेले आपोआप कापले जाणारे व्यवहार बँक नाकारते, आणि नोंदणी असली तरी १५,००० रुपयांवरच्या प्रत्येक व्यवहाराला ओटीपी लागतो. परिणाम असा होतो की कंपनी पैसे कापायला जाते, बँक नकार देते, कंपनी ईमेल पाठवते, तुम्ही तो वाचत नाही, आणि काही दिवसांनी सर्व्हर बंद होतो. म्हणून रुपयांत बिल देणारा, यूपीआय घेणारा, किंवा आगाऊ रक्कम जमा ठेवू देणारा पुरवठादार शोधा. सीझन सुरू होण्याआधी तीन महिन्यांची रक्कम खात्यात भरून ठेवली की एप्रिलात ही धाकधूक नको. डॉलरमधल्या बिलावर बँकेचे परकीय चलनाचे दोन ते साडेतीन टक्के वेगळे जातात.

जीएसटी क्रमांक असेल तर तो खात्यात पहिल्या बिलाआधी नोंदवा. भारतीय कंपनीने दिलेल्या बिलावर कर लागून येतो आणि तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करता येऊ शकतो; परदेशी कंपनीच्या बिलावर नोंदणीकृत व्यावसायिकाला रिव्हर्स चार्जने स्वतः कर भरावा लागतो. इथे आंबेवाल्यांसाठी एक टीप. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त फळ विकणाऱ्याला सर्व्हरवर भरलेल्या कराची वजावटही घेता येत नाही. ते १८ टक्के सरळ खर्चात धरा. आंबापोळी, पल्प, कोकम सरबतही विकत असाल तर आपल्या सीएला विचारून घ्या.

खाते उघडताना पॅन, पत्ता, ओळखपत्र मागितले तर दचकू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस आणि क्लाउड पुरवठादारांना ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षे ठेवावी लागते. काहीच न विचारता सर्व्हर देणारा भारतीय विक्रेता दिसला, तर संशय त्याच्यावर घ्या.

खाते कुणाच्या नावावर

साइट बनवून देणाऱ्या भाच्याने डोमेन स्वतःच्या नावावर, सर्व्हर स्वतःच्या कार्डावर घेतला आणि मग तो मुंबईला नोकरीला गेला. ही कथा सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत प्रत्येक बाजारपेठेत ऐकायला मिळते. भाच्याशी भांडण नसते, फक्त तो फोन उचलत नाही.

डोमेन आणि सर्व्हर दोन्ही मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर हवेत, आणि शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांकडे. एका खात्याला टाळे लागले तर दुसरे हातात राहते. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेनची मुदत संपली की ईमेलही जातो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा कुठेच येत नाही. काम करणाऱ्याला वेगळा प्रवेश द्या. पुरवठादार टीम किंवा उपखात्याची सोय देतो का ते निवडतानाच पाहा.

दुसरी चावी, म्हणजे दोन टप्प्यांचे लॉगिन, एसएमएसवर ठेवू नका. वादळात टॉवर पडला की ओटीपी येत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅपला रेंज लागत नाही. त्यासोबत मिळणारे राखीव कोड कागदावर छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. आणि कोकणाबाहेर राहणाऱ्या एका विश्वासाच्या माणसाला प्रवेश देऊन ठेवा. तुमच्या गावात आठवडाभर रेंज नसेल तेव्हा मुंबईतला सर्व्हर चालूच असतो, ऑर्डरीही येत असतात; "वादळामुळे पाठवणी थांबली आहे" ही पाटी साइटवर लावायला कुणीतरी लागते.

पुरवठादाराचे नियंत्रण पान मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नीट चालते का, आणि त्यातून सर्व्हरचा कन्सोल उघडतो का, हेही तपासा. लाईट नसताना, लॅपटॉप उतरलेला असताना, फोनवरून सर्व्हर रीस्टार्ट करण्याची वेळ येतेच. कमांडवर काम करणाऱ्यांनी तुटत्या रेंजसाठी मॉश (रेंज गेली-आली तरी सर्व्हरशी जोडणी टिकवणारे साधन) वापरावे, आणि मोठे अपडेट नेहमी टीमक्सच्या आत चालवावे. मधेच इंटरनेट गेले तरी काम सर्व्हरवर पुढे चालू राहते.

बॅकअप, आणि तो कुणाकडे

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. ओव्हीएच ही युरोपातली सर्वांत मोठ्या क्लाउड कंपन्यांपैकी एक आहे. त्यामुळे कंपनी मोठी आहे, एवढ्यावर बॅकअपचा प्रश्न सुटत नाही.

पुरवठादाराचा स्वयंचलित बॅकअप घ्याच. तो बहुधा भाड्याच्या वीस-तीस टक्क्यांत मिळतो आणि एका बटणावर परत येतो. पण तो त्याच कंपनीकडे, त्याच खात्यात असतो. खाते बंद झाले किंवा कुणी हॅक केले तर दोन्ही एकदम जातात. शिवाय डिजिटलओशनसारख्या ठिकाणी स्नॅपशॉट उतरवून बाहेर नेता येत नाही.

त्यामुळे दुसरा बॅकअप स्वतःचा लागतो. रोज रात्री डेटाबेसचा डम्प (फाइलमध्ये काढलेली पूर्ण प्रत) आणि फोटोंची प्रत दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या शहरातल्या साठवणुकीत जाऊ दे. रेस्टिक किंवा आरक्लोन ही फुकट साधने हे काम करतात, आणि छोट्या दुकानाचा सगळा डेटा काही जीबींतच मावतो. सीझनमध्ये डेटाबेस दर तासाला पाठवा. महिन्यातून एकदा एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर. ती तळमजल्यावर ठेवू नका, हे चिपळूणकरांना सांगावे लागणार नाही.

मग परत आणून बघा. तासाभराचा नवा सर्व्हर घ्या, त्यावर बॅकअप चढवा, साइट उघडते का पाहा, सर्व्हर काढून टाका. खर्च काही रुपये. हे न करता ठेवलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

९९.९ टक्क्यांचा अर्थ

महिन्यात ९९.९ टक्के चालू म्हणजे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. ९९.९९ म्हणजे सव्वाचार मिनिटे. ९९.५ म्हणजे साडेतीन तासांहून जास्त. करारातल्या या आकड्याची हमी मोडली तर भाड्यातला काही भाग पुढच्या बिलात वळता होतो, बुडालेल्या ऑर्डरीचे काही मिळत नाही. चारशे रुपयांच्या सर्व्हरवर भरपाई होऊन होऊन किती होणार? आकड्याकडे एक नजर टाका आणि त्याऐवजी पुरवठादाराचे स्थितीदर्शक पान उघडून मागच्या सहा महिन्यांत काय काय बिघडले आणि कंपनीने ते कसे कळवले ते वाचा. ज्या पानावर कधीच काही बिघडलेले नाही, ते पान कुणी भरतच नाही.

मदतकक्षाची परीक्षा खरेदीआधी घ्या. रविवारी रात्री एक नेमका प्रश्न पाठवा, उदाहरणार्थ, "डिस्क न वाढवता रॅम वाढवून पुन्हा कमी करता येते का?" उत्तर किती वेळात आले यापेक्षा ते प्रश्नाचे उत्तर आहे की ठरावीक मजकूर चिकटवला आहे, हे पाहा. फोनवर मराठी-हिंदीत बोलणारा माणूस हवा असेल तर भारतीय कंपन्या बऱ्या. मोठ्या क्लाउडमध्ये तांत्रिक मदतीचे पैसे वेगळे पडतात.

ईमेलबद्दल एकच सांगतो. सर्व्हरवरून मेल पाठवायच्या फंदात पडू नका. बहुतेक पुरवठादार नव्या खात्यांसाठी पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरवरून मेल बाहेर जाण्याचा मार्ग, बंद ठेवतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल-याहूने पाठवणाऱ्यांवरचे नियम कडक केले आहेत. पत्रव्यवहार झोहोसारख्या सेवेवर, ऑर्डरच्या पावत्या मेल पाठवणाऱ्या स्वतंत्र सेवेतून, आणि डोमेनवर, मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या नोंदी.

विकत घेण्याआधी चालवून पाहा

दोन पुरवठादार निवडा, दोघांकडे सारखाच सर्व्हर तासाच्या दराने घ्या, साइटची प्रत चढवा आणि आठवडाभर ठेवा. टॉप कमांडमधला "एसटी" हा आकडा संध्याकाळी पाहत जा. तुमच्या वाट्याची प्रोसेसरची वेळ मशीनवरचे शेजारी किती खातात ते त्यातून कळते. तो सतत पाच-दहाच्या वर असेल तर त्या मशीनवर गर्दी आहे. मग के६ सारख्या साधनाने एकदम पन्नास-शंभर गिऱ्हाइके आल्याचे सोंग करून बघा. अर्थात स्वतःच्याच सर्व्हरवर. पानांचे कॅशिंग (एकदा तयार झालेले पान साठवून तेच पुन्हा देणे) सुरू करून तीच चाचणी पुन्हा घ्या. पुष्कळदा मोठ्या सर्व्हरची गरज तिथेच संपते.

माझा कल विचाराल तर असा. सांभाळणारा माणूस आहे आणि एखादे दुकान आहे: लिनोड किंवा व्हल्टरचे मुंबई, नाहीतर डिजिटलओशनचे बंगळुरू. रुपयांत बिल आणि जीएसटीची पावती महत्त्वाची: लाइटसेल किंवा भारतीय कंपनी. पतसंस्था किंवा ज्यांच्याकडे लोकांची आर्थिक माहिती आहे, त्यांनी हा लेख वाचून सर्व्हर घेऊ नये. त्यांना लेखी जबाबदारी घेणारा विक्रेता आणि लेखापरीक्षणात चालेल अशी व्यवस्था लागते. ग्रामपंचायत किंवा सरकारी कामाला केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीतला पुरवठादार आहे का, ते आधी विचारा.

हलवताना

स्थलांतर पावसाळ्यात करा, जून-जुलैत. तेव्हा मासेमारी बंद, आंबा संपलेला, पर्यटक कमी. गणपतीच्या तोंडावर हात लावू नका.

आदल्या दिवशी डोमेनच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांकडे साठून राहण्याचा काळ, ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर साइट पूर्ण उभी करा, स्वतःच्या कॉम्प्युटरच्या होस्ट फाइलमध्ये नवा पत्ता घालून तपासा, एक रुपयाची खरी ऑर्डर टाकून पेमेंट गेटवे चालते का पाहा. मग जुन्या साइटवर नव्या ऑर्डरी थांबवा, डेटाबेसची शेवटची प्रत हलवा, डोमेन वळवा, लेट्स एनक्रिप्टचे फुकट एसएसएल प्रमाणपत्र घ्या. ते आपोआप नूतनीकरण होते की नाही हे लगेच तपासा.

जुना सर्व्हर आठवडाभर राहू दे. त्यानंतर तो नुसता बंद करून ठेवू नका: डिजिटलओशन, लिनोड, व्हल्टर यांच्याकडे बंद सर्व्हरचेही भाडे चालूच राहते, आणि एडब्ल्यूएसवर मशीन थांबले तरी डिस्क आणि राखून ठेवलेल्या आयपी पत्त्याचे पैसे लागतात. सर्व्हर कायमचा काढून टाका. मग स्नॅपशॉट, सुट्या डिस्क आणि आयपी पत्ते यांची यादी उघडून राहिलेले एकेक काढा, आणि पुढच्या महिन्याचे बिल शून्य आल्याचे पाहूनच त्या खात्यातून कार्ड काढा.